अंबादासचं म्हणणं

राज्य माहितीसेवा मंडळाचं सोलापूरचं मदत केंद्र पहाटे सहाला सुरू व्हायचं. उन्हाळ्यातले सरकारी तास बदलल्यापासून एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर कुठल्याच कार्यालयात माणूस दिसत नसे. मंडळाला मात्र ती सवलत नव्हती. कार्यालयांना कुलूप लागलं तरी त्यांचे संगणक चालूच असत, लोक घरात बसून अर्ज भरत असत, आणि काहीतरी अडकलं की मदत केंद्रातला फोन वाजे.

मंडळ नेमकं काय करतं, हे लोकांना फारसं माहीत नव्हतं. दाखले, उतारे, रेशन, दवाखान्यातल्या नोंदी हे सगळं मंडळाच्या यंत्रणेवर चाले, पण लोकांना दिसे तो खिडकीमागचा कारकून. मंडळाचे ग्राहक म्हणजे सरकारी खातीच. प्रत्येक खात्याशी करार असे. कोणती सेवा द्यायची, बंद पडली तर किती तासांत सुरू करून द्यायची, सगळं त्यात ठरलेलं असे. खिडकी अडली की कारकून पद्मजा चिलवेरीला फोन करी.

पद्मजा या कामात तरबेज होती. समोरच्याने तोंड उघडलं की गाठ कुठे बसली आहे ते तिला कळे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती योग्य ते पान उघडून बसलेली असे. केंद्रप्रमुख रणदिवे नव्या लोकांना तिच्या शेजारी बसवत, शिका म्हणून.

तिच्या घरी भाऊ होता. अंबादास, तिच्याहून पाच वर्षांनी लहान, चाळिशीला टेकलेला, जन्मापासून ठार बहिरा. लहानपणी त्याला मुक्यांच्या शाळेत घातलं होतं. तिथे हात मागे बांधून ओठांकडे बघायला लावत आणि तोंडातून आवाज काढायला लावत. काही महिन्यांत तो पळून आला आणि परत गेला नाही. बाराव्या वर्षी तो यंत्रमागाच्या कारखान्यात लागला आणि चादरी विणू लागला. खरी, शिकवलेली खुणांची भाषा त्याला कधी मिळालीच नाही. घरात आई-वडील आणि पद्मजा यांनी मिळून काही खुणा बनवल्या होत्या. जेवण, झोप, पैसे, पाऊस, दुखतंय, उद्या. आई-वडील गेल्यावर त्या खुणा जाणणारी ती एकटीच उरली. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला ती त्याच्याबरोबर जाई आणि त्याच्या वतीने बोले. लग्नाचा विषय तिने कधीच मागे टाकला होता. तिची दोनदा पुण्याला बढती आली, दोनदा तिने नाही म्हटलं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे श्रवणरोपण योजना. अंबादासच्या कानापासून मेंदूपर्यंत जाणारी नसच तयार झालेली नव्हती, त्यामुळे कानात बसवायची साधी यंत्रं त्याला निरुपयोगी होती. आता नस सोडून थेट मेंदूच्या बुडाशी, जिथे आवाज पहिल्यांदा पोचतो तिथे, केसाएवढ्या मऊ तारांची एक पट्टी बसवता येऊ लागली होती. बाहेरच्या यंत्राने आवाज पकडायचा आणि त्या पट्टीने मेंदूला टोचून सांगायचा. पद्मजाने कितीतरी वर्षांपूर्वी अंबादासचं नाव देऊन ठेवलं होतं. आता त्याचा नंबर लागला. शस्त्रक्रिया करणारी मंडळी पुढच्या महिन्यात सोलापुरात यायची होती.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा कायदा. कुठलाही नागरिक कुठल्याही सरकारी खिडकीवर आला, तर त्याला त्याच्या भाषेत सेवा मिळाली पाहिजे आणि त्याची संमती त्याच्याच भाषेत घेतली पाहिजे. घरच्या माणसाने त्याच्या वतीने हो म्हटलेलं यापुढे चालणार नव्हतं. गोंडी, भिली, कोरकू यांची सोय मंडळाने केली. शिकवलेल्या खुणांच्या भाषेचीही केली. प्रश्न राहिला तो अंबादाससारख्यांचा, ज्यांची भाषा एका घरापुरतीच होती. मंडळाने त्यांच्यासाठी एक यंत्र तयार केलं होतं, आणि त्याच्या चाचणीसाठी माणसं हवी होती. परिपत्रक आलं त्याच दिवशी पद्मजाने भावाचं नाव कळवलं. यंत्राला त्याचं कळलं की त्याची संमती नोंदवता येईल आणि शस्त्रक्रिया होईल, एवढाच तिचा हिशेब होता. तो हो म्हणेल की नाही, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

यंत्र घेऊन पुण्याहून शलाका भोगटे आली. तिशीतली, डोक्यावर छोटे कापलेले केस, पायात चालायचे बूट. ती भाषाशास्त्र शिकून मग संगणकाकडे वळली होती. यंत्र म्हणजे एक पाटीएवढा पडदा, दोन कॅमेरे आणि मनगटात घालायचे दोन पट्टे. कॅमेरे हात बघायचे, पट्टे स्नायूंमधली हालचाल टिपायचे, म्हणजे बोटं एकमेकांआड गेली तरी चुकायची नाहीत.

शलाकाने पद्मजाला समजावून सांगितलं. यंत्राने आधी जगातल्या शंभरेक खुणांच्या भाषा पाहिल्या आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या असल्या, तरी हात जिथे तिथे काही गोष्टी सारख्याच करतात. बोट दाखवून माणूस ठरवतात, हवेत जागा नेमून ठेवतात, वस्तू धरल्याचा आकार करतात, चेहऱ्याने प्रश्न विचारतात. या ओळखीच्या वाटेवरून यंत्र नव्या माणसाच्या खुणेचा अंदाज बांधतं. मग ती खूण स्वतःच्या पडद्यावर करून दाखवतं आणि त्या माणसालाच विचारतं, हेच ना? चुकलं तर दुरुस्त होतं. अशा शेकडो दुरुस्त्यांतून एका माणसाची भाषा उभी राहते.

“पण एक नियम आहे,” शलाका म्हणाली. “खात्री नसेल तर यंत्र बोलत नाही, परत विचारतं. आणि पहिल्या वर्षी महत्त्वाच्या प्रत्येक वाक्याला घरच्या जाणत्या माणसाचा दुजोरा लागेल. इथे ते तुम्ही.”

पद्मजाला ते सोपं वाटलं. रोज काम संपवून ती घरी येई, अंबादास कारखान्यातून येई, आणि पडद्यासमोर दोघं बसत. अंबादासला यंत्र आवडलं. पडद्यावरच्या हातांनी त्याची खूण वेडीवाकडी केली की तो मान हलवून हसे आणि सावकाश परत करून दाखवी. पद्मजा प्रत्येक खुणेचा अर्थ सांगत जाई. काही दिवसांत पावणेदोनशे खुणा झाल्या. मग आकडा तिथेच थांबला.

अंबादास मध्येच काहीतरी लांबलचक करी आणि यंत्र गप्प बसे. पडद्यावर एकच ओळ येई, की हे ओळखीचं नाही. पद्मजा म्हणे, असंच करतो तो कधीकधी, त्याला काही अर्थ नसतो.

शलाकाने रणदिवेंना कळवलं की यंत्राला अर्ध्याच्या आसपासच समजतंय. रणदिवे वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यावर तारखेचं ओझं होतं. श्रवणरोपण योजनेचं कार्यालय मंडळाचा ग्राहक होतं, आणि ते रोज विचारत होते की संमतीची खिडकी कधी सुरू होणार. शस्त्रक्रियेची मंडळी एकदा गेली की वर्षभर येणार नव्हती. त्यांनी दोघींना समोर बसवून विचारलं, आहे तेवढ्यावर भागवता येईल का.

पद्मजा लगेच म्हणाली, “सर, मला कळतंय ना त्याचं. उरलेलं मी सांगते.”

“तुम्हीच सांगणार असाल तर यंत्र कशाला आणलं?” शलाका म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द तोलून बोलली. “योजनेचं कार्यालय आपल्याला पैसे देतं, म्हणून ते ग्राहक. पण खिडकीसमोर बसणार आहे अंबादास. त्याचं अर्धंच ऐकून मी खिडकी सुरू करणार नाही.”

रणदिवेंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि दहा दिवस दिले.

बाहेर आल्यावर शलाकाने पद्मजाला विचारलं की अंबादास दिवसातला बाकीचा वेळ कुठे असतो. कारखान्यात, पद्मजा म्हणाली. तिथे कोणाशी बोलतो, असं शलाकाने विचारलं. पद्मजाला तो प्रश्नच कळला नाही. तिथे मागांचा इतका दणदणाट असतो, ती म्हणाली, की ऐकू येणाऱ्यांनाही बोलता येत नाही.

मग ती स्वतःच म्हणाली, उद्या जाऊन बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या कारखान्यात गेल्या. अंबादास अठ्ठावीस वर्षं तिथे काम करत होता आणि पद्मजा फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. पगाराचं काही असलं तर मालक बाहेरच्या खोलीत बोलावत. आत पाऊल टाकताच आवाज अंगावर आला. तो कानात शिरत नव्हता, छातीत शिरत होता. दोन रांगांत माग, हवेत कापसाची बारीक धूळ, मध्ये अरुंद वाट. शलाकाने काहीतरी विचारलं, तिचे ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही.

आणि त्या दणदणाटात सगळे बोलत होते.

लांबच्या मागावरचा माणूस हात उंचावून दोन बोटं वळवी, इकडचा मनगट झटके, तिसरा गालावर टिचकी मारून हसे. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका लांब कोपऱ्यातून एकमेकींच्या सासरचं बोलत होत्या, हातांनी. त्या कारखान्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारे लोक होते, आणि तिथे आत त्यांची एकच भाषा होती.

चहाच्या सुट्टीला मधले चार माग थांबले, बाकीचे चालूच होते. दहाबाराजण त्या वाटेत गोळा झाले. त्यांच्या मध्ये अंबादास उभा होता आणि काहीतरी सांगत होता. पद्मजा दारापाशी होती, त्याचं लक्ष नव्हतं.

तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. खांदे, मान, भुवया, सगळं चालू होतं. तो एकदा टेबलामागचा माणूस झाला, पोट पुढे काढून, कागदांवर शिक्के मारत. मग तो बाजूला सरकला आणि बाई झाला, नाकावरचा चष्मा एका बोटाने वर सरकवणारी. मग तो स्वतः झाला. शिक्केवाला त्याला काहीतरी विचारतो. तो उत्तर द्यायला हात उचलतो. तेवढ्यात चष्मेवाली उत्तर देऊन मोकळी. तो हात खाली घेतो. पुन्हा प्रश्न, पुन्हा हात वर, पुन्हा चष्मेवाली. शेवटी तो डोकं हलवणाऱ्या बैलासारखा नुसता मान हलवत राहतो. लोक हसून वाकले होते.

पद्मजाचं बोट चष्म्याकडे गेलं होतं. तिने ते खाली घेतलं.

गोष्ट संपली नव्हती. शिक्केवाला पैसे मोजताना लबाडी करतो. चष्मेवाली त्याला टेबलावरून अर्धा ओढून काढते, कानाला धरते, एक एक नोट परत मोजायला लावते. अंबादासने ते इतक्या रुबाबात केलं की लोकांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा कोणीतरी दाराकडे बोट केलं आणि त्याने वळून पाहिलं.

बाहेर लिंबाखाली आल्यावर मैनुद्दीन नावाचा पन्नाशीचा माणूस त्यांच्याशी बोलला. तो अंबादासच्या शेजारच्या मागावर होता.

“ओ अक्का, हा आमच्यात सगळ्यात बडबड्या आहे बघा,” तो म्हणाला. “आम्हाला खुणा येत होत्या त्या कामापुरत्या. धागा तुटला, मालक आला, चहा आला. बाकीच्या सगळ्या यानं काढल्या. आता नवीन पोरगं आलं की पहिला महिना याच्यापाशी शिकतंय.”

पद्मजाने विचारलं, घरी का नाही बोलत असं?

मैनुद्दीनने अंबादासकडे बघून हात केले. अंबादासने उत्तर दिलं. मैनुद्दीनने ते सांगताना मान खाली घातली. “म्हणतोय, घरी तुम्हाला लवकर कळतं. मग सांगायचं राहून जातं.”

त्या दिवशी ती कामावर गेली. फोनवर एका तलाठी कार्यालयातली मुलगी अडखळत काहीतरी सांगत होती, आणि पद्मजाने नेहमीप्रमाणे पान उघडलं. ते चुकीचं पान होतं. अशी चूक तिची क्वचित होई.

त्यानंतर यंत्र कारखान्यात नेलं. कॅमेरे मागांच्या खांबांना बांधले, पट्टे बारा जणांच्या मनगटांत गेले. आता शिकवणारा एक नव्हता. एकच खूण चार जण चार वाक्यांत वापरत, आणि यंत्राला चारी बाजूंनी अर्थ मिळत गेला. खुणांचा आकडा भराभर वाढला आणि दोन हजारांपुढे गेला. यंत्राला अंबादासच्या वतीने बोलायला आवाज हवा होता. तो स्वतः निवडू शकत नव्हता, म्हणून त्याने ते काम मैनुद्दीनवर सोपवलं. मैनुद्दीनने दहाबारा आवाज ऐकून एक जाडसर, किंचित घोगरा आवाज पसंत केला आणि म्हणाला, हा याच्या तोंडाला शोभतो.

संमतीचा दिवस रुग्णालयातल्या एका लहान खोलीत ठरला. डॉक्टर मृदगंधा सबनीस शस्त्रक्रिया करणार होत्या. अंबादास पांढरा धुतलेला सदरा घालून आला होता. पद्मजा शेजारी, शलाका भिंतीपाशी.

डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. पडद्यावरचे हात ते अंबादासच्या खुणांत सांगत गेले. डोक्याच्या मागे छेद द्यावा लागेल. धोका थोडा आहे, पण आहे. नंतर आवाज येतील. सुरुवातीला ते नुसते ठोके वाटतील. मेंदूला त्यांचा अर्थ लावायला शिकावं लागेल.

अंबादासने विचारलं, किती दिवस. यंत्र बोललं. डॉक्टर म्हणाल्या, लहान मुलाला एक-दोन वर्षं. मोठ्या माणसाला, ज्याने कधी बोलणं ऐकलेलंच नाही, अशाला फार जास्त. दार वाजलं, गाडी आली, हे नक्की कळेल. बोलणं कळेलच असं वचन त्या देऊ शकत नव्हत्या. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं, याचं पद्मजाला नंतर कौतुक वाटलं. त्या वेळी तिला त्यांचा राग आला.

अंबादास विचारात पडला. मग त्याने उजवा तळवा उघडून स्वतःसमोरून आडवा फिरवला, एकदाच.

यंत्र लगेच बोललं नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या. कारखान्यातल्या वापराप्रमाणे, नको, बंद. घरातल्या वापराप्रमाणे, नंतर. खात्री मर्यादेच्या जराशी खाली. दुजोरा हवा.

सगळ्यांनी पद्मजाकडे पाहिलं.

घरात ती खूण खरोखरच नंतर याच अर्थाची होती. आईने ती केली होती, खाऊ नंतर, बाहेर नंतर. पद्मजाने नंतर म्हटलं असतं तर ते धडधडीत खोटं ठरलं नसतं. डॉक्टरांनी नाव यादीत ठेवलं असतं, पुढच्या आठवड्यात परत विचारलं असतं, आणि तेवढ्या दिवसांत तिने त्याला समजावलं असतं. इतकी वर्षं समजावत आलीच होती. तिला ठाऊक होतं की तिने डोळे मोठे करून हट्ट धरला की तो मान हलवतो.

तिचा हात पडद्याकडे गेला आणि मागे आला.

“मला त्याला विचारायचंय,” ती म्हणाली.

ती खुर्ची वळवून भावासमोर बसली. तिने ती तळव्याची खूण केली आणि मग सूर्य उगवून मावळतो तसा हात फिरवला, एकदा, दोनदा, अनेकदा. पुढे कधीतरी? मग तीच खूण केली आणि दोन्ही मुठी खाली दाबल्या, मैनुद्दीनने माग बंद करताना केलं होतं तसं. की कधीच नाही?

अंबादासचे डोळे मोठे झाले. कारखान्यातली खूण तिच्या हातात त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. त्याने दोन्ही मुठी खाली दाबल्या. मग तो बोलू लागला, आणि यंत्र त्याच्या मागोमाग त्या घोगऱ्या आवाजात बोलत गेलं.

“कधीच नको. डोकं उघडायचं आणि या वयात बालवाडीत बसायचं. ठोके ऐकत बसायचं. मी आता बोलतो, मला कळतं, लोकांना कळतं. कारखान्यात. बाहेर कळत नाही. बँकेत नाही, दवाखान्यात नाही. बाहेर माझ्यासारखी माणसं कुठे आहेत? ती मला हवी आहेत. डोक्यात तार नको. माणसं हवीत.”

पद्मजा मध्ये बोलली नाही. तो थांबला असं वाटलं, तरी ती थांबून राहिली, आणि त्याला खरंच आणखी सांगायचं होतं.

“अक्काने माझ्यासाठी मागितलं, मला माहीत आहे. तिला सांगा, मी रागावलो नाही.”

डॉक्टरांनी हळूच विचारलं, “ताई, यंत्राने बरोबर सांगितलं का?”

“बरोबर आहे,” पद्मजा म्हणाली. “तो नाही म्हणतोय.”

तिने दुजोरा नोंदवला. श्रवणरोपण योजनेच्या संमतीच्या खिडकीवर नोंदलेलं ते पहिलं उत्तर होतं. रणदिवेंनी ते योजनेच्या कार्यालयाला कळवलं, आणि तिथल्या अधिकाऱ्याने उत्तर दिलं की म्हणजे खिडकी नीट चालते आहे. अंबादासचा नंबर बार्शीच्या एका तरुण मुलीला मिळाला. ती हो म्हणाली.

दोन दिवस पद्मजा घरात गुमसुम होती. स्वयंपाक करी, वाढी, आणि आत निघून जाई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबादासने पडदा उचलून ओट्यावर ठेवला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“राग आला?” यंत्राने विचारलं.

ती हो म्हणाली. पडद्यावरच्या हातांनी ते त्याला दाखवलं.

“कोणावर?”

तिने पोळपाट बाजूला केला. सांगायला लागल्यावर तिला कळलं की हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना भैया चौकात तिचा हात सोडून पुढे गेला होता. समोरून टेम्पो आला. ती जिवाच्या आकांताने ओरडली, सगळा चौक वळला, फक्त तो वळला नाही. टेम्पोवाल्याने गाडी वळवली म्हणून नुसती हनुवटी फुटली. तेव्हापासून गर्दीत, स्टेशनवर, तो चार पावलं पुढे गेला की ती धावत जाऊन त्याला गाठते. राग कोणावर नाही, ती म्हणाली. मी हाक मारली तर तुला कळणार नाही, एवढंच आहे.

पडद्यावरचे हात बराच वेळ चालले. अंबादास शेवटपर्यंत बघत राहिला. मग त्याने हनुवटीवरची खूण चाचपली आणि यंत्राकडे न बघता, अगदी लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, थेट तिलाच सांगितलं. ते समजायला तिला यंत्र लागलं नाही. तोंडाजवळचा हात बाजूला. मग तिच्याकडून स्वतःकडे, दोन बोटांनी चालत.

हाक मारू नको. जवळ ये.

पोळी करपल्याचा वास आला तेव्हा दोघंही एकदम तव्याकडे धावली.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ती कारखान्यात जाऊ लागली. मैनुद्दीनकडून आणि कांड्या भरणाऱ्या बायकांकडून खुणा शिकू लागली. अंबादासकडून शिकणं अवघड होतं, कारण तो फार भरभर बोले आणि तिच्या चुकांची नक्कल करी. शलाकाने मंडळाला लिहिलं की असे माग जिथे आहेत तिथे अशी भाषाही असणार. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात शोध घेतला, तर सगळीकडे होती, प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. यंत्राला ती शिकवायला माणूस हवा होता. असा, की ज्याच्या हातांनी अनोळखी माणूसही बोलता होईल. मंडळाने अंबादासला सहा महिन्यांसाठी मानधनावर नेमलं. मालकाने माग राखून ठेवला.

मालेगावला तो एकटा गेला. बसमध्ये त्याला बसवून पद्मजा स्टँडवर उभी राहिली. बस वळून दिसेनाशी झाली तशी ती तिथेच बाकावर बसली आणि चहा मागवला.

चौथ्या दिवशी त्याचा व्हिडिओ फोन आला. त्याच्या मागे अनोळखी माग होते, रंगीत साड्यांचे. शेजारी एक दाढीवाला माणूस होता, अंबादासच्याच वयाचा. अंबादासने त्याला ओढून कॅमेऱ्यासमोर आणलं. हा इक्बाल, त्याने सांगितलं, हाही माझ्यासारखाच, जन्मापासून. आणि चष्मा वर सरकवायची खूण करून इक्बालला पद्मजाची ओळख करून दिली. इक्बालने ती खूण केली आणि हसला. मग त्याने काहीतरी विचारलं, अंबादासने उत्तर दिलं, इक्बालला ते पटलं नाही, आणि दोघं फोनवर ती आहे हे विसरून भांडावं तसे बोलू लागले.

सोलापूरच्या खुणा आणि मालेगावच्या खुणा एकमेकींत मिसळत होत्या. एक जण खूण करी, दुसरा ती दुरुस्त करी, तिसरीच खूण तयार होई आणि लगेच पुढच्या वाक्यात वापरली जाई. फोनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात, त्याला जोडलेलं यंत्र काही शब्द लिहून बघत होतं आणि पुसत होतं. मग तेही थांबलं. हे ओळखीचं नाही, अशी ओळ आली आणि तशीच राहिली.

अंबादास मान मागे टाकून हसत होता. पद्मजाने फोन दुधाच्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि स्टूल ओढून समोर बसली. तिला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि ते दोघं थांबू नयेत असं तिला वाटत होतं.